जळगाव ते कोल्हापूर, मुंबईमार्गे

निघण्याआधी

माझी थोरली मावशी जळगावला असते आणि आई कोल्हापूरला. मावशी चौऱ्याऐंशीची, आई एकोणऐंशीची. दोघींची शेवटची भेट २०१९ च्या मे महिन्यात पुण्याच्या एका लग्नात झाली. त्यानंतर आधी करोना आला, मग मावशीचे गुडघे गेले. रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल होतो, पण दोघींनाही फोन धरता येत नाही, त्यामुळे एकीला दुसरीचं कपाळ आणि वरचा पंखा तेवढा दिसतो. यंदा दिवाळीत आई म्हणाली, "आक्काला एकदा घेऊन ये की गं माझ्याकडं."

मावशीची माहेरची गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. गोंदियाहून निघते, जळगाव, मनमाड, दौंड, पुणे, मिरज करत कोल्हापूरला पोचते. जळगावला संध्याकाळी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरायचं, आठशे किलोमीटरच्या आसपास अंतर. लग्नानंतरची चाळीस-पन्नास वर्षं मावशीने हा प्रवास हौसेने केला. आता डब्याच्या उंच पायऱ्या चढवत नाहीत, आणि रात्री हलत्या गाडीत संडासापर्यंत जाणं तर तिला जमणारच नाही.

मी पार्ल्यात राहते, शाळेत भूगोल शिकवते. त्या रात्री वह्या तपासायच्या बाजूला ठेवून ॲटलास उघडला. जळगाव सुमारे २०° ५८' उत्तर अक्षांशावर, कोल्हापूरचा विमानतळ १६° ४०' वर. फरक ४ अंश १८ मिनिटं, म्हणजे २५८ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. हे मी दरवर्षी नववीला शिकवते आणि मुलं दरवर्षी विचारतात, याचा उपयोग काय. वैमानिक अंतर सागरी मैलातच मोजतात, कारण नकाशाच्या कडेवरची अक्षांशांची पट्टी हीच त्यांची मोजपट्टी. २५८ मैल म्हणजे साधारण ४७८ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक सव्वा अंशाहून जरासा जास्त, तो धरून सरळ रेषेतलं अंतर पाचशे किलोमीटरला दोन-चार कमी भरलं.

पंख्याचं एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरने जातं. म्हणजे आक्का आणि तिची धाकटी बहीण यांच्यामध्ये फक्त एक तास होता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पण मी शोधलं तेव्हा जळगावहून कोल्हापूरला थेट विमान नव्हतं. जळगाव-मुंबई होतं, मुंबई-कोल्हापूर होतं. मुंबई ते जळगाव सरळ रेषेत ३५५ किलोमीटर, मुंबई ते कोल्हापूर ३१० च्या जवळपास. पाचशेच्या जागी साडेसहाशेच्या वर. शिवाय दोन्ही विमानं आठवड्यातल्या ठरावीक दिवशी. शनिवारी जळगावहून निघालो तर कोल्हापूरचं विमान सकाळीच गेलेलं, रविवारी तिकीट शिल्लक नाही, म्हणून सोमवार. एका तासाचं अंतर दोन रात्रींवर गेलं. तरी मी तिकिटं काढली.

पहिला दिवस, गुरुवार

डिसेंबरची सकाळ. घरून रिक्षाने विमानतळ वीस मिनिटांवर. छोट्या विमानांना मोठ्या टर्मिनलमध्ये बहुधा तळमजल्यावरची दारं मिळतात, तिथून बसने विमानापर्यंत जायचं. चेक-इनपासून बसपर्यंत पाऊण तास चालले. मावशीला घेऊन हे सगळं उलटं करायचं आहे, म्हणून व्हीलचेअर कुठे मिळते, लिफ्ट कुठे आहे, बसायला बाक किती अंतरावर आहेत ते वहीत लिहीत गेले.

एटीआर ७२ हे विमान मला मनापासून आवडलं. सत्तरेक आसनं, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन. दार मागच्या बाजूला आणि त्या दाराच्याच आतल्या अंगाला पायऱ्या, मोजून पाच-सहा. मावशीला चढता येईल हे बघूनच माझा जीव भांड्यात पडला. पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालची जमीन पूर्ण दिसते. भूगोलाच्या बाईला आणखी काय हवं!

तिकिटावर प्रवासाचा वेळ सव्वा तास लिहिला होता. ३५५ किलोमीटरला पाचशेचा वेग धरला तर त्रेचाळीस मिनिटं होतात. उरलेला अर्धा तास कुठे जातो हे मला बघायचंच होतं, म्हणून घड्याळ समोर धरून बसले. विमान उभं असताना चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हलल्यापासून, दुसऱ्या गावी पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा जो वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर तोच असतो. हवेतला वेळ हा त्याचा एक भाग.

१०:१२ ला हललो. चाकं जमिनीवरून सुटली १०:२९ ला. सतरा मिनिटं मुंबईच्या जमिनीवरच गेली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एका पट्टीवरून दिवसाला नऊशेच्या वर विमानं उतरतात नि उडतात. आमच्या पुढे चार विमानं होती. त्यातलं एक परदेशी जाणारं अजस्र. अशा विमानामागे हवेत भोवरे सुटतात, म्हणून मागच्या लहान विमानाला अंतर राखून थांबावंच लागतं.

जळगाव मुंबईच्या ईशान्येला. पण वारा समुद्रावरून येत होता आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, म्हणून आम्ही आधी पश्चिमेला गेलो, जुहूच्या वाळूवरून थेट समुद्रावर, आणि मग वळसा घालून परत जमिनीवर आलो. ज्या गावाला जायचं त्याच्याकडे पाठ करून सुरुवात. हा वळसा ॲटलासमध्ये सापडत नाही.

त्यानंतरचा अर्धा तास मी खिडकीला नाक लावून होते. मुंबई-जळगाव सरळ रेषा आणि मध्य रेल्वेची लाइन जवळजवळ एकावर एक पडतात. कसारा, इगतपुरी, मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, सगळी स्टेशनं ओळीने खाली. घाटाखालचे तलाव निळेशार, घाट ओलांडला की लगेच जमीन सपाट, तपकिरी, चौकोनी. मनमाडजवळचा हडबीची शेंडी नावाचा उभा सुळका मी रेल्वेतून लहानपणापासून बघत आले आहे, वरून तो अंगठ्याएवढा सावलीचा ठिपका दिसला. रेल्वेने मुंबई-जळगाव ४२० किलोमीटर. वळणं-वळसे मिळून पासष्ट किलोमीटर जास्त.

११:२१ ला उतरलो, ११:२५ ला ठोकळे. जळगावात उतरल्यावर पट्टीपासून दारापर्यंत चार मिनिटं! एकूण त्र्याहत्तर मिनिटं, हवेत बावन्न. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो, तो पाठीशी होता. हाच वारा परत येताना तोंडावर येणार.

दुसरा दिवस, शुक्रवार

जळगावात बॅगा भरल्या. मावशीने बहिणीसाठी कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स, काळा मसाला, दोन साड्या काढून ठेवल्या होत्या. रात्री बामणोदच्या वांग्यांचं भरीत, कांद्याची पात घातलेलं, आणि पुऱ्या. मावसभाऊ मावशीला धीर देत होता, पण कागदपत्रं तोच तीनदा तपासत होता. मावशी शांत होती. "मी लहानपणी विमान बघितलंय," एवढंच म्हणाली.

तिसरा दिवस, शनिवार

जळगावचा विमानतळ कुसुंब्याजवळ, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. २०१२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, पण नियमित विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. छोटी गावं विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेतून एकोणीस आसनांचं विमान मुंबईहून आलं होतं. नंतर सेवा कधी सुरू, कधी बंद.

तपासणीत मावशीच्या हातपिशवीतला काळा मसाला अडला. तिखट, मसाला हातातल्या सामानात चालत नाही, हे मी विसरलेच होते. मावशीचा चेहरा उतरला. तो मसाला तिने स्वतः भाजून, कुटून घेतला होता. तपासणीवरच्या बाईंनी एक फोन केला, काउंटरवरचा मुलगा वीस पावलं चालत आला आणि पिशवी घेऊन ती विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत स्वतः ठेवून गेला. "आजी, उतरल्यावर मिळेल," म्हणाला. छोट्या विमानतळाचं हे सुख आहे. मुंबईत तेच काउंटर अर्धा किलोमीटर मागे असतं.

विमान ११:५५ चं होतं. मुंबईहूनच उशिरा निघालं, आम्ही हललो १:४८ ला. विमानतळावर उपकरणांच्या आधाराने उतरायची सोय नसेल तर वैमानिकाला पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसायला हवं असा दंडक आहे. थंडीत सकाळी धुकट असलं की पहिली फेरी लांबते, आणि तेच विमान दिवसभर गावोगाव फिरत असल्यामुळे पुढची प्रत्येक फेरी लांबत जाते. दोन तास मावशी खुर्चीत बसून होती. पाय सुजले. उशिराची सूचना घरी निघण्याआधी मिळाली असती तर ती पलंगावर आडवी राहिली असती, याचं मला वाईट वाटलं आणि मी ते तिथे सांगितलंही.

पायऱ्यांशी मावशी थांबली. एका हाताने कठडा, दुसऱ्याने माझा खांदा. एक, दोन, तीन म्हणत चढली. पंखे सुरू झाल्यावर तिने पदर तोंडाला लावला आणि डोळे मिटले, पण जमीन सुटल्याचं कळल्यावर उघडले आणि मग मिटलेच नाहीत. "केळीच्या बागा गं," म्हणाली. खरंच, खाली गर्द हिरव्या चौकड्या होत्या.

वारा तोंडावर. ताशी पन्नास किलोमीटरचा वारा धरला तर जाताना एकोणचाळीस मिनिटं लागणाऱ्या अंतराला येताना सत्तेचाळीस लागतात. पण खरा वेळ वाऱ्याने खाल्ला नाही. घाट उतरल्यावर विमान वाकलं, वळलं, सूर्य डाव्या खिडकीतून उजव्या खिडकीत गेला, पुन्हा डावीकडे आला. मुंबईत उतरायला जागा नव्हती, आम्ही रांगेत होतो आणि ही रांग आकाशात गोल असते. मावशीने विचारलं, "हे डोंगर मगाशी बघितले ना आपण?" मी हो म्हटलं. पंधरा मिनिटं आम्ही तेच डोंगर बघितले.

मग ठाण्याची खाडी, मिठागरं, घाटकोपरची दाट वस्ती आणि पत्र्यांवरची निळी प्लॅस्टिकं इतकी जवळ आली की मावशीने पाय वर घेतले. ३:०९ ला उतरलो. ठोकळे ३:२४ ला. शहाण्णव मिनिटं.

पार्ल्याला घरी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. मावशीने गरम पाण्यात पाय सोडून घड्याळ बघितलं. "महाराष्ट्र आता जळगावला येत असंल," म्हणाली. उद्या दुपारी ती गाडी कोल्हापूरला लागणार होती आणि आम्ही परवा. घड्याळाने बघितलं तर गाडीनेच लवकर पोचलो असतो. हे मी नाकारत नाही. फक्त मावशीला त्या गाडीत चढता आलं नसतं.

चौथा दिवस, रविवार, मुंबईतच

सकाळी मावशी गच्चीत खुर्ची टाकून बसली. आमच्या घरावरून विमानं दिसतात, आवाज तर चोवीस तास. "हे कुठं चाललं?" हा प्रश्न तिने सकाळभरात तीस वेळा विचारला असेल. मी फोनवर बघून सांगत होते: दिल्ली, बेंगळुरू, दुबई, पुन्हा दिल्ली. अकराच्या सुमारास तिने विचारलं, "आणि आपल्यासारखी?" तासाभरात पंख्याचं एक विमान गेलं.

मला वाटतं, सगळं यात आहे. एका वेळी वापरात असलेली एकच पट्टी आणि तिच्यावरचा प्रत्येक क्षण मोलाचा. सत्तर माणसांच्या विमानालाही उतरायला तेवढाच वेळ लागतो जेवढा एकशेऐंशी माणसांच्या विमानाला. त्यामुळे छोट्या गावांच्या वाट्याला उरलेल्या वेळा येतात, आणि त्या उरलेल्या वेळांवर जळगाव, कोल्हापूर यांचं एकमेकांशी नातं अवलंबून राहतं. उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला तिचं पहिलं विमान उडालं. सुमारे पाचशे किलोमीटरचा, तासाभराचा प्रवास अडीच हजार रुपयांत व्हावा ही त्यामागची कल्पना. पाचशे किलोमीटर, एक तास! जणू जळगाव-कोल्हापूरचं माप घेऊनच लिहिलं. थेट विमान सुरू केलं तर रोज सत्तर माणसं मिळतील का, हा प्रश्न खरा आहे. रोज नाहीत मिळणार. पण आठवड्यातून दोनदा मिळतील असं मला वाटतं, आणि मुंबईच्या आकाशातली दोन गिरक्यांची जागाही मोकळी होईल.

संध्याकाळी मावशीला रिक्षाने जुहूला नेलं. वाळूत चालणं शक्य नव्हतं, कठड्याशी बसलो. येताना जुन्या जुहू विमानतळाच्या भिंतीशी रिक्षा थांबवली. आत हेलिकॉप्टरं होती, समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी. हा तळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन, वाटेत अहमदाबादला थांबून, पस मॉथ या एक इंजिनाच्या विमानातून इथेच उतरले. ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचं ते विमान. आजच्या एटीआरच्या तिपटीने सावकाश. पण त्यांना आकाशात रांग नव्हती.

हे मावशीला सांगत होते तेव्हा तिने मध्येच तोडून सांगितलं, "आमचं कोल्हापूरचं विमानतळ १९३९ चं. राजाराम महाराजांनी केलेलं." मी बघतच राहिले. "आप्पांनी आम्हा दोघींना सायकलवर नेलं होतं उजळाईवाडीला. तुझी आई पुढं दांडीवर, मी मागं. तेव्हा कुंपण नव्हतं. माळ होता नुसता. एक विमान उभं होतं, त्याला हात लावू दिला." तिने हात पुढे करून दाखवला, तळवा कसा टेकवला होता तो.

आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. ती तेव्हा फार लहान असणार.

पाचवा दिवस, सोमवार

कोल्हापूरचं विमान जेट होतं. शेजारच्या गृहस्थांनी कौतुकाने सांगितलं, जेट आहे, लगेच पोचतो. वेग पंख्याच्या विमानाच्या दीडपट असतो हे बरोबर, पण तीनशे किलोमीटरात तो वेग गाठून टिकवायला जागाच नसते. वर चढण्यात निम्मा वेळ जातो, उरलेला खाली येण्यात. छोट्या अंतरावर पंखा आणि जेट यांच्यात दहा मिनिटांचाही फरक पडत नाही.

१०:४० ला हललो. पट्टीवर रांग मोठी. मावशी आता अनुभवी, शेजारच्या मुलीला सांगत होती, "असंच असतं, मुंबईत थांबायलाच लागतं." ११:०४ ला उडालो. चोवीस मिनिटं जमिनीवर.

जुहूवरून समुद्र, डावीकडे वळण, अलिबागचा किनारा. मग सह्याद्री. मुंबई-कोल्हापूर रेषा महाबळेश्वरावरून जाते आणि पुढे कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या कडेने. डिसेंबरात तो भरलेला असतो, डोंगरांच्या बोटांमध्ये पाणी शिरल्यासारखा दिसतो. मावशीला दाखवलं, "हे कोयनेचं पाणी." ती म्हणाली, "धरण व्हायच्या आधीच माझं लग्न झालं," आणि काच हाताने पुसली, आतून.

रेल्वेने मुंबई-कोल्हापूर ५१८ किलोमीटर, पुणे-मिरज असा वळसा. हवेतून ३१०. वरून बघताना तो वळसा का, हे स्पष्ट दिसतं. सरळ खाली सगळा कडा आणि दऱ्या आहेत, रूळ टाकायला जागा नाही.

मग ऊस. दूरपर्यंत ऊस, कारखान्याचा धूर, पंचगंगेचं वळण. ११:४१ ला चाकं टेकली, पाच मिनिटांत ठोकळे. हवेत सदतीस मिनिटं. कोल्हापूरची पट्टी पूर्वी १३७० मीटर होती, ती १९३० मीटर केल्यावर मोठी विमानं येऊ लागली.

व्हीलचेअर खाली तयार होती, पण मावशीने बसायला जरा वेळ मागितला. डांबरावर काठी टेकून उभी राहिली आणि चारी बाजूंना बघितलं. नवं टर्मिनल, तारेचं कुंपण, पलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं. "माळ या अंगाला होता," म्हणाली आणि काठीने दाखवलं. मग बसली.

दाराबाहेर दादा आणि आई. आईला गाडीतच थांब म्हटलं होतं, ती ऐकणार नव्हतीच. आई पुढे आली, वाकली, आक्काचे दोन्ही गाल हातात धरले. "किती वाळलीस गं आक्का."

"मसाला बॅगेत आहे," मावशी म्हणाली. "काढून घेत होते माझ्याकडनं."

दादाने दोघींना मागच्या सीटवर बसवलं. हायवेला लागेपर्यंत दोघी काहीच बोलल्या नाहीत, हात हातात होते. मग आईने विचारलं, "किती वेळ लागला गं एकूण?" मी माझी वही काढत होते, पण मावशी आधीच सुरू झाली होती, "शनिवारी सकाळी भाकरी खाऊन निघालो बघ, तर तिथं मसाला अडवला..."